जड गोळीचा लांबचा प्रवास

१८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांनी पडली, ती एन्फिल्ड रायफलची होती, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी इंग्लंडात या एन्फिल्डची तुलना जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलीशी झाली, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. दोन्ही गोळ्यांचे वजन सारखेच होते, ५३० ग्रेन. फरक आकाराचा होता. एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, तर व्हिटवर्थचा ०.४५१, म्हणून व्हिटवर्थची गोळी सडपातळ आणि लांब. नळीतल्या आट्यांचा एक फेरा एन्फिल्डमध्ये ७८ इंचांत पुरा होई, व्हिटवर्थमध्ये २० इंचांत. लांब पल्ल्यावर व्हिटवर्थने एन्फिल्डला पार मागे टाकले.

ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो. आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मे हे माप. गोळी नळीतून सुटली की हवा तिचा वेग खाऊ लागते. त्याच व्यासाची जड गोळी सुटताना थोडी मंद असते, पण वेग राखून असते आणि आडव्या वाऱ्याने कमी वाहवते. दूरवर याचाच उपयोग होतो. मात्र वजन वाढले की लांबी वाढते आणि लांब गोळी कोलमडू नये म्हणून तिला अधिक जोराची फिरकी लागते. आटे किती घट्ट हवेत याचे सूत्र वूलिचचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले.

त्याआधीच न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर या विद्येची जाहीर परीक्षा झाली होती. २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयर्लंड आणि अमेरिका यांचे सहा-सहा नेमबाज ८००, ९०० आणि १००० यार्डांवर भिडले. आयरिश संघाकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली, तर अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा सामना जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी अचूक मध्यावर बसली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. तिचे चार गुण गेले आणि त्याबरोबर सामनाही. पुढे अमेरिकी सैन्याने न्यू जर्सीतील सँडी हुकच्या किनाऱ्यावर थेट ३५०० यार्डांपर्यंत चाचण्या घेतल्या आणि आपल्या ४५-७० काडतुसातली ४०५ ग्रेनची गोळी बदलून ५०० ग्रेनची घेतली.

इतक्या लांबवर कारखान्याचे सरसकट काडतूस पुरत नाही, म्हणून तिकडचे नेमबाज ते घरी हाताने भरतात. रिकामी पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, तिची मान कापून सारखी करायची, नवा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलायची आणि गोळी प्रत्येक वेळी त्याच खोलीवर बसवायची. जड गोळी इथे सावधगिरी मागते. लांब असल्याने ती पुंगळीत खोलवर उतरते, दारूची जागा अडवते आणि दाब वाढवते. म्हणून तिच्यासाठी सावकाश जळणारी दारू निवडतात, छापील कोष्टकातल्या किमान मापापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवतात. इथे अंदाज चालत नाही. चूक झाली तर रायफल फुटते आणि माणूस जायबंदी होतो.

काटेकोरपणा गोळीलाही लागतो. अमेरिकन डॉक्टर फ्रँकलिन मॅन यांनी कित्येक वर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. गोळीच्या बुडाला झालेली बारीकशी इजाही तिला भरकटवते, हे त्यांनी दाखवून दिले. अलीकडचा धडाही असाच आहे. ३०८ काडतुसातली १६८ ग्रेनची प्रसिद्ध स्पर्धा-गोळी हजार यार्डांच्या सुमारास ध्वनीच्या वेगाजवळ उतरते आणि डगमगू लागते. बुडाचा उतार सुधारलेली १७५ ग्रेनची गोळी तिथे स्थिर राहते. नुसते वजन पुरत नाही, घडणही हवी.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद आपल्याकडे रुजलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटरवर, पॉइंट टू-टू रायफलीने. त्या काडतुसाच्या कडेतच पेट घेणारा मसाला असतो. गोळी झाडताना ती कड चेपते, म्हणून ते पुन्हा भरताच येत नाही. मग नेमबाज दुसरी वाट धरतात: एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि ज्या लॉटचे छिद्रांचे झुबके सर्वांत घट्ट पडतात, तो उचलतात. क्रीडमूरचे नेमबाज तराजूवर जे साधत होते, ते इथे निवडीतून साधावे लागते.

गावोगावची मुले आज नेमबाजीकडे वळत आहेत. त्यांना रायफल आणि प्रशिक्षक मिळवून देणाऱ्यांनी काडतुसे पारखून घेण्याची सोयही करून द्यावी. तीन गुणांनी सामना जातो, हे दीडशे वर्षांपूर्वीच दिसले आहे.