चाळीस नंबरचे ऑईल : कुठे घालावे, कुठे घालू नये

दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाईक येते आणि ‘चाळीस नंबरचा डबा द्या’ एवढेच म्हणते. कशासाठी हवा, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. तोच डबा पिठाच्या गिरणीच्या डिझेल इंजिनात जातो, भाड्याच्या जनरेटरमध्ये जातो आणि उरलेला घरच्या मोटारीत. पहिल्या ठिकाणी तो बहुधा योग्य असतो, शेवटच्या ठिकाणी बहुधा अयोग्य. आमच्या बांधवांपैकी पुष्कळांचा संसार असल्या एखाद्या इंजिनावर चालतो. म्हणून हा विषय थोडा उलगडून सांगावा असे आम्हाला वाटले.

डब्यावरचा ३०, ४० किंवा ५० हा आकडा ऑईलच्या दर्जाचा नसून दाटपणाचा आहे. ५० नंबर ४० पेक्षा ‘भारी’ नाही, फक्त जास्त दाट आहे. हा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ३० नंबर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० नंबर १२.५ ते १६.३ आणि ५० नंबर १६.३ ते २१.९ या पट्ट्यात बसावे लागते. ज्या डब्यावर असा एकच आकडा असतो ते सिंगल ग्रेड. ‘२० डब्ल्यू ४०’ असे दोन आकडे असतील तर मल्टिग्रेड. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी.

आता खरी गंमत पाहा. इंजिन तापल्यावर २० डब्ल्यू ४० आणि साधे ४० यांचा दाटपणा एकाच पट्ट्यात असतो. फरक पडतो तो थंड इंजिन सुरू करताना. साधे ४० थंडीत काकवीसारखे घट्ट होते आणि वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला वेळ लावते. तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासते. मल्टिग्रेडमध्ये पॉलिमर मिसळलेले असते. ते थंडीत आखडून राहते आणि उष्णतेत पसरते, त्यामुळे ऑईल तापल्यावर फार पातळ होत नाही. पण हे पॉलिमर गिअरच्या दात्यांत आणि दाबाखाली हळूहळू तुटते व ऑईलचा दाटपणा उतरतो. सिंगल ग्रेडमध्ये मुळात पॉलिमरच नसल्याने ही अडचण येत नाही.

यावरून हिशेब सोपा होतो. जे इंजिन सकाळी एकदा सुरू केले की तासन्‌तास एकाच गतीने चालते आणि जिथे हवा फारशी गार होत नाही, तिथे सिंगल ग्रेड आजही उत्तम. गिरणी, पाण्याचा पंप, जुन्या पद्धतीचा जनरेटर ही त्याची ठिकाणे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही छोट्या इंजिनांची अमेरिकन कंपनी तर स्पष्ट सांगते की ४ अंशांच्या खाली ३० नंबर घातले तर इंजिन सुरू व्हायला त्रास होईल आणि २७ अंशांच्या वर १० डब्ल्यू ३० घातले तर ऑईल जास्त जळू शकेल. कोकणपट्टीत ४ अंश कोणी पाहिलेत? निफाडकडे मात्र थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या पहाटे सुरू होणाऱ्या इंजिनाचा विचार वेगळा करावा.

नव्या वाहनांत मात्र हा प्रयोग अजिबात नको. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांपैकी अनेकांची इंजिने ० डब्ल्यू २० किंवा ५ डब्ल्यू ३० अशा पातळ ऑईलवर बेतलेली आहेत. त्यांतल्या तेलवाटा बारीक असतात आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या जाळीला कमी राखेचे ऑईल लागते. तिथे चाळीस नंबर ओतून वाचवलेले पैसे टर्बो बदलताना दामदुपटीने जातात. टू-स्ट्रोक फवारणी पंपालाही इंजिन ऑईल चालत नाही. पेट्रोलबरोबर जळणारे टूटी ऑईलच हवे, नाहीतर प्लग काजळतो.

दुसरी एक समजूत गॅरेजांत फार आहे. गाडी धूर देऊ लागली की मिस्त्री म्हणतो, ‘पन्नास नंबर टाका, धूर बंद.’ आम्हीही एका जुन्या मोटारीत हे करून पाहिले. महिनाभर धूर कमी झाला, नंतर पुन्हा तोच, आणि शेवटी रिंगा बदलाव्याच लागल्या. गाडी विकणाऱ्याला हा उपाय सोयीचा असतो, घेणाऱ्याला नाही.

दर्जा पाहायचा असेल तर डब्यावरची एपीआयची अक्षरे वाचा. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितका दर्जा नवा. ‘एसए’ लिहिलेला स्वस्त डबा दिसला तर तो इंजिनासाठी घेऊच नये, त्यात इंजिन राखणारी रसायने जवळपास नसतातच.

पण आमच्या मते ग्रेडपेक्षा मोठे नुकसान होते ते वेळेवर ऑईल न बदलल्याने. छोट्या पेट्रोल इंजिनांच्या पुस्तिकेत साधारण ५० ते १०० तासांनी ऑईल बदला असे लिहिलेले असते. आपले लोक महिने मोजतात. रोज सहा तास चालणाऱ्या जनरेटरचे ५० तास नवव्या दिवशी भरतात! यांतल्या बऱ्याच इंजिनांना ना ऑईलचा पंप असतो ना फिल्टर. कनेक्टिंग रॉडला लावलेला चमचा चेंबरमधले ऑईल उडवतो, तेवढ्यावर सगळे चालते. काजळी त्याच ऑईलात फिरत राहते आणि पातळी बोटभर उतरली तर चमचा कोरडाच फिरतो. रोज सुरू करण्याआधी पट्टी काढून पातळी पाहावी. चाललेले तास टाकीवर खडूने लिहीत जावे आणि बदलताना इंजिन गरम असतानाच ऑईल सोडावे, म्हणजे तळचा गाळही निघून येतो.