गिअरची गाडी की बिनगिअरची? कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी



गेल्या काही महिन्यांत बैठकांना फिरताना एक प्रश्न बऱ्याच गटांतून पुढे आला. कुणी गटातून, कुणी बँकेतून कर्ज काढून चारचाकी घ्यायचं ठरवतंय. अंजीर-सीताफळ पुण्यात न्यायचं, जत्रेत स्टॉल लावायचा, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं, अशी कामं डोळ्यांसमोर आहेत. शोरूममध्ये विचारतात, "मॅन्युअल देऊ की ऑटोमॅटिक?" तिथे आपण गप्प होतो, आणि उत्तर घरातला कुणीतरी पुरुष देऊन टाकतो. हप्ता मात्र आपण भरणार असतो. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगते. शिकताना गिअरच्या गाडीवर शिका. विकत घेताना मात्र जी बाई रोज चालवणार आहे, तिला कोणती बिनधास्त चालवता येते ते बघा. का, ते पुढे वाचा.

क्लच आणि गिअर करतात काय?

गाडीचं इंजिन चालू असलं की ते फिरतच राहतं. चाकं मात्र कधी थांबवायची, कधी हळू, कधी जोरात फिरवायची असतात. जुन्या पिठाच्या गिरणीत मोटर चालू ठेवून पट्टा सरकवला की जातं थांबायचं. क्लच तेच करतो: इंजिन आणि चाकं यांची जोड तोडतो आणि परत जोडतो. गिअर ठरवतो की ताकद जास्त हवी की वेग. पहिल्या गिअरला ताकद जास्त, वेग कमी. चढाला, भरल्या गाडीला तो लागतो. पाचवा मोकळ्या रस्त्यासाठी.

मॅन्युअल गाडीत हे सगळं आपण करतो. डावा पाय क्लचवर, डावा हात गिअरवर. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं. फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. दोन्ही उजव्या पायाने दाबायचे, डावा पाय आरामात बाजूला.

हे आपल्याला नवीन नाही

"ऑटोमॅटिक म्हणजे काहीतरी मोठ्या लोकांचं," असं वाटत असेल तर तुमच्या दारातली स्कूटी बघा. ती ऑटोमॅटिकच आहे. पूर्वी पुण्यात बजाजच्या चेतकचं राज्य होतं. डाव्या हाताची मूठ फिरवून गिअर बदलायचे आणि किक मारायची. १९८४ मध्ये पुण्याच्याच फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली. तिला गिअर नव्हते आणि बटण दाबलं की ती सुरू व्हायची. पुढे अशा स्कूटर देशभर पसरल्या आणि लाखो बाया त्यावर कामाला, शाळेला, बाजारला जाऊ लागल्या. बायांची अक्कल तीच होती, यंत्र सोपं झालं होतं.

कारच्या बाबतीत हे उशिरा झालं. ऑटोमॅटिक कार बरीच वर्षं महाग होत्या. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ ही छोटी गाडी एएमटीसह आणली आणि तेव्हापासून साध्या घरांनाही हा पर्याय परवडू लागला.

ऑटोमॅटिकमध्ये प्रकार आहेत, ते विचारून घ्या

एएमटी: आत गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलचेच असतात, फक्त ते दाबायचं-बदलायचं काम यंत्र करतं. सगळ्यात स्वस्त प्रकार हाच. मायलेज जवळपास मॅन्युअलइतकं. गिअर बदलताना मात्र थोडा हिसका बसतो.

सीव्हीटी: स्कूटीसारखी पट्टा आणि पुलीची पद्धत. अजिबात हिसका नाही. किंमत जास्त.

टॉर्क कन्व्हर्टर: यात तेलाच्या जोरावर ताकद पोचते. चालवायला गुळगुळीत आणि दणकट, पण किंमत जास्त आणि इंधनही थोडं जास्त खातो.

विजेच्या गाडीत तर गिअर बदलणं हा प्रकारच नसतो. सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेतल्या रिक्षाही अशाच आहेत.

पैशांचा हिशोब

छोट्या गाडीत मॅन्युअल आणि एएमटी यांच्या किमतीत साधारण ५० हजारांचा फरक पडतो. बँकेचा व्याजदर वर्षाला १० टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली, तर या जादा ५० हजारांचा हप्ता महिन्याला साधारण १,०६० रुपये बसतो. पाच वर्षांत ५० हजारांचे जवळपास ६३,७०० होतात. शोरूममधून दोन्ही गाड्यांची ऑन-रोड किंमत लेखी घ्या आणि गटात वाचून दाखवा.

सीएनजी हवा असेल तर आणखी एक गोष्ट. कंपनीतून सीएनजी बसवून येणाऱ्या बहुतेक गाड्या मॅन्युअल असतात. टाटाने २०२४ मध्ये टियागो आणि टिगोर या गाड्या सीएनजी आणि एएमटी अशा एकत्र आणल्या, पण अजून निवड कमी आहे. गाडी दिवसभर भाड्याने चालणार असेल तर सीएनजीची बचत महत्त्वाची, आणि मग बहुधा मॅन्युअलच पदरात पडेल.

घाट आणि शहरातली गर्दी

सासवडहून पुण्याला येताना दिवे घाट उतरावा लागतो. तेव्हा गाडी मालाने भरलेली असते. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. म्हणून खालचा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. मॅन्युअलमध्ये हे सरळ आहे: दुसरा गिअर टाका. ऑटोमॅटिकमध्येही होतं, पण 'डी'वर ठेवून बसू नका. 'एल' किंवा 'एम'वर घेऊन खालचा गिअर निवडा. गाडी बघायला जाल तेव्हा ही सोय करून दाखवायला सांगा.

आणि कोणतीही गाडी असो, उतारावर न्यूट्रल करायची नाही. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात झाले ते आपण बातम्यांत बघतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडू नका, असं तिथे पुन्हा पुन्हा बजावलं जातं. थोड्या डिझेलसाठी जीव घालवू नका.

चढाला थांबून परत निघताना नवशिक्या बाईची मॅन्युअलमध्ये खरी परीक्षा असते. क्लच अर्धा सोडायचा, गाडी मागे जाऊ द्यायची नाही, आणि मागचा हॉर्न मारतोय. ऑटोमॅटिकमध्ये हे ओझं बरंच कमी होतं. तरी एएमटी चढावर थोडी मागे सरकू शकते, म्हणून 'हिल होल्ड' आहे का ते विचारा. हडपसर किंवा स्वारगेटच्या गर्दीत तासभर क्लच दाबून गुडघा दुखतो, तिथेही ऑटोमॅटिकचा आराम आहे.

एक धोका लक्षात ठेवा. ऑटोमॅटिक 'डी'वर असताना ब्रेक सोडला की बहुतेक गाड्या आपोआप हळूहळू पुढे जातात. त्यामुळे उतरण्याआधी हँडब्रेक ओढा. आणि घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाऊ नये म्हणून डावा पाय पेडलवर कधीच न्यायचा नाही.

गावात बंद पडली तर?

बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी चार जणींनी धक्का मारून सुरू होते. ऑटोमॅटिक तशी होत नाही, जंप स्टार्टची वायर गाडीत ठेवावी लागते. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणंही ऑटोमॅटिकला महागात पडू शकतं, गिअरबॉक्स खराब होतो. मॅन्युअलचा क्लच बदलणारा मेकॅनिक तालुक्याला मिळतो. ऑटोमॅटिकच्या बिघाडासाठी बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. जुनी ऑटोमॅटिक घेत असाल तर सर्व्हिसचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

लायसन्सचं काय?

स्कूटरला 'गिअरची' आणि 'बिनगिअरची' असं वेगवेगळं लायसन्स असतं. कारला तसं नाही. आपल्याकडे हलक्या मोटार वाहनाचं एकच लायसन्स, त्यावर दोन्ही चालतात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. आपल्याला ती अडचण नाही. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते.

मग मॅन्युअलवर शिका असं का म्हणते? कारण कायद्याने दोन्ही चालवता येत असल्या तरी हाताला सवय लागते. ऑटोमॅटिकवाली बाई ऐनवेळी शेजारची जीप किंवा पिकअप चालवू शकणार नाही. मॅन्युअलवाली दोन्ही चालवेल. रात्री दोनला जी गाडी दारात असेल तीच न्यावी लागते.

बैठकीत हे पाच प्रश्न विचारा

१. रोज चालवणार कोण? तिचं नाव घ्या, "कुणीतरी चालवेल" चालणार नाही.
२. दिवसाला किती किलोमीटर, घाट किती, शहर किती?
३. भाड्याने लावायची की घरची-गटाची कामं करायची?
४. जादा हप्ता निघेल एवढं काम गाडीला आहे का?
५. जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब?

चालवणारी ठरलेली असेल, तिला गिअरची भीती वाटत नसेल आणि पैसे तंग असतील तर मॅन्युअल घ्या, काही कमी नाही. पण क्लचच्या धास्तीने ती गाडीला हात लावणार नसेल, आणि प्रत्येक वेळी दीर किंवा मुलगा घरी यायची वाट बघावी लागणार असेल, तर ते वाचवलेले ५० हजार काय कामाचे? दारात उभ्या गाडीचाही हप्ता भरावाच लागतो.

शोरूममध्ये जाताना चालवणारीला बरोबर न्या. दोन्ही गाड्या तिलाच चालवून बघू द्या, चढावर एकदा थांबवून परत काढायला सांगा. मग उत्तर तिलाच द्यायला लावा.