उदयनगरची राखी

सिस्टर राणी मारिया यांची हत्या २५ फेब्रुवारी १९९५ रोजी झाली. मूळच्या केरळच्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनी मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, उदयनगर परिसरात आदिवासी शेतमजुरांना संघटित करत होत्या. सावकारी पाशातून माणसे सुटू लागली आणि ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी राणी मारियांचा काटा काढायचे ठरवले. इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी पाठवलेल्या समुंदर सिंह याने त्यांच्यावर चाकूचे वार केले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. वय अवघे ४१.

समुंदर सिंहला जन्मठेप झाली. ख्रिस्ती शिकवणुकीत क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. मनातला सूड सोडणे, हा तिचा गाभा. इथे तो प्रत्यक्ष दिसतो. शिक्षा चालू असतानाच, २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि ज्या हाताने चाकू चालवला त्याच हाताला तिने राखी बांधली. केरळच्या ख्रिस्ती घरातल्या बहिणीने उत्तरेकडचा हा सण निवडावा, यातच सारे आले. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला संमती दिली. २००६ मध्ये तो सुटला आणि पुढे केरळला गेला, तेव्हा राणी मारियांच्या वृद्ध आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्या सोहळ्याला समुंदर सिंह हजर होता.