गळती आधी शोधावी, मग बुजवावी

जांबोटी सोडून कणकुंबीच्या वाटेने चोर्ला घाट उतरला की गोवे लागते. आपल्या भागांतील कित्येक तरुण ह्याच वाटेने पोटापाण्यासाठी तिकडे जातात. कोणी हॉटेलांत राबतो, कोणी गॅरेजांत, तर कोणी किनाऱ्यावरील जलक्रीडांच्या धंद्यांत शिरतो. तेथे लाटांवर उधळणारी पाण्यावरील स्कूटर सर्वांनीच पाहिली असेल. ‘जेट स्की’ ह्या नावाने जपानच्या कावासाकी कंपनीने ती १९७३ च्या सुमारास बाजारात आणली. तिच्या पोटात पाणी शिरू लागले तर काय करावे, ह्याविषयी आम्ही आज चार शब्द लिहीत आहोत. कारण त्या आसनावर कोणाचे तरी लेकरू बसलेले असते.

ह्या वाहनाचे इंजिन तळाच्या पोकळीत असते. ते खालून पाणी ओढते व मागे जोराने फेकते, त्या धक्क्याने वाहन पुढे जाते. त्यामुळे तळाला भोके व सांधे पुष्कळ. आत पाणी साचले की मागची बाजू जड होते. ते इंजिनात शिरले तर इंजिन बंद पडते, आणि स्वार किनाऱ्यापासून दूर अडकतो.

आपल्या कौलारू घरांत थेंब चुलीपाशी पडतो, पण फुटलेले कौल आढ्याजवळ असते. येथेही तसेच आहे. पाणी जेथे साचले तेथेच भोक असेल असे नाही. प्रथम मागची बुचे व त्यांच्या रबरी कड्या पाहाव्यात. मग नळ्या व त्यांच्या क्लिपा, शाफ्टचे सील, पंपाभोवतीचा सांधा, आणि वरचा व खालचा भाग जोडणारी कड तपासावी. तरीही दोष न सापडल्यास वाहन घोडीवर चढवून, बॅटरी काढून, आतला भाग कोरडा करावा व थोडे पाणी ओतावे. ते इंजिनापर्यंत मात्र चढू देऊ नये. बाहेरून जेथे ओल फुटेल तेथे खडूने खूण करावी. काही नळ्यांतून इंजिन चालू असतानाच पाणी दाबाने फिरते. त्यांची गळती अशी दिसत नाही. त्या हाताने चाचपून पाहाव्यात.

फायबरला तडा गेला असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे पळत नाही. भोवतालचा भाग घासून उतरता करावा. फायबर एक मिलिमीटर जाड असेल तर उतार बारा मिलिमीटर रुंद ठेवावा. ॲसिटोनने पुसून जागा पूर्ण वाळू द्यावी. मग काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवावेत आणि प्रत्येक थरांतील हवा दाबून काढावी. ओल्या फायबरवर थर बसत नाही, म्हणून आपल्याकडील आषाढ-श्रावणाच्या दमट दिवसांत हे काम उघड्यावर करू नये. शेवटी बाहेरून जेलकोट द्यावा.

दोन गोष्टी विसरू नयेत. पॉलिएस्टर रेझिनबरोबर कोबाल्ट व हार्डनर वेगवेगळे मिळाले, तर ते दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळावे, मग हार्डनर घालावा. घासताना तोंडाला मास्क व डोळ्यांना चष्मा हवा, आणि जवळपास विडी-काडी नको. दुसरे असे की, काही नव्या वाहनांचे तळ पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांना हे रेझिन चिकटत नाही. ते उष्णतेने जोडणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच न्यावेत.

वसई-उत्तनचे कोळी बांधव लाकडी होड्यांच्या फळ्यांतील फटींत कापूस ठासून पाणी अडवीत. पावसाळ्यात मासेमारी थांबली की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारीत. सवडीच्या दिवसांत नाव सांभाळली, तरच ती कामाच्या दिवसांत माणसे सांभाळते, हे ते जाणून होते. जेट स्कीची गोष्ट वेगळी नाही. गिऱ्हाईक खोळंबले आहे म्हणून वरून लुकण फासून ती पाण्यात सोडणे, हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. दुरुस्तीनंतर उथळ पाण्यात चालवून, बाहेर काढून, बूच उघडून पाहावे. थेंबही आला नाही, तरच गिऱ्हाइकाला बसवावे. मालकाने घाई केली, तरी ‘अजून झाले नाही’ असे सांगण्याचे धैर्य आपल्या मुलांच्या अंगी असावे, आणि ते घरांतच शिकविले जावे.