पिवळ्या पट्टीची गोष्ट

द्वारकेच्या मेट्रो स्टेशनवर उंचवट्यांची पिवळी पट्टी असते. मुलं तिच्यावर उड्या मारतात, मोठी माणसं खुशाल बॅगा ठेवतात. लांबट रेघा म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे बघा’. पायाला आणि पांढऱ्या काठीला वाचता येणारी ही लिपी जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५मध्ये शोधली.

दिल्लीत मात्र अशा सोयी भांडून मिळाल्या. व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी आणि त्यांचे साथी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे डिसेंबर १९९५मध्ये संसदेने अपंगांच्या हक्कांचा कायदा मंजूर केला. तरीही २००१मध्ये स्टीफन हॉकिंग आले, तेव्हा कुतुबमिनारला घाईघाईने लाकडी रॅम्प लावावा लागला. पाहुण्यासाठी झालं, घरच्यांसाठी का नाही?

३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा खेळही होतो. त्यातून मुलं फक्त घाबरतात. त्यापेक्षा ही गोष्ट सांगून त्यांना स्टेशनवर न्या. लिफ्ट कुठे आहे, पट्टी कुठे तुटते, बाहेर तिच्यावर कोणाची स्कूटर उभी आहे, हे त्यांना वहीत लिहू द्या. रोज काठी घेऊन येणारे कोणी बोलायला तयार असतील, तर पहिला प्रश्न मुलांनाच विचारू द्या.