फ्लॅटपॅकचं कुंपण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्सवर ॲप सँडबॉक्समध्ये, म्हणजे आखून दिलेल्या कुंपणात चालवण्याची सोय फ्लॅटपॅक देतं. अलेक्झांडर लार्सन यांनी 'एक्सडीजी-ॲप' म्हणून सुरू केलेल्या या प्रकल्पाला २०१६मध्ये आजचं नाव मिळालं. वापर वाढला, तसे काही गैरसमजही रुजले.

गैरसमज : फ्लॅटपॅक आहे, म्हणजे सुरक्षितच.
वस्तुस्थिती : कुंपण किती भक्कम, हे परवानग्यांवर ठरतं. 'बबलरॅप' हे साधन कर्नलमधल्या नेमस्पेसच्या आधारे ॲपला वेगळं ठेवतं. पण ॲपला संपूर्ण होम फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असेल, तर तुमच्या फायलींना संरक्षण उरत नाही. जुन्या एक्स-११ डिस्प्लेवर तर एक ॲप दुसऱ्या ॲपमधलं टायपिंगही टिपू शकतं. नव्या वेलँड डिस्प्लेवर ही वाट बंद आहे.

गैरसमज : होम फोल्डर बंद केला, तर फाइल उघडणारच नाही.
वस्तुस्थिती : त्यासाठी 'पोर्टल' आहेत. फाइल निवडण्याची खिडकी ॲपच्या बाहेर, डेस्कटॉपच्या ताब्यात असते. तुम्ही निवडाल तेवढीच फाइल ॲपच्या हाती पडते. पोर्टल न वापरणाऱ्या ॲपना मात्र एखादा ठरावीक फोल्डर मोकळा करून द्यावा लागतो.

गैरसमज : प्रत्येक ॲप डिस्कवर सगळं नव्याने भरतं.
वस्तुस्थिती : ग्नोम, केडीई या डेस्कटॉपचे रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारे सामायिक घटक, अनेक ॲप मिळून वापरतात आणि सारख्या फायली एकदाच साठवल्या जातात. पहिलं डाउनलोड मोठं असतं, पुढची सहसा लहान. निरुपयोगी झालेले जुने रनटाइम मात्र अधूनमधून काढून टाकावेत.

गैरसमज : फ्लॅटहब या फ्लॅटपॅक ॲपच्या भांडारातलं प्रत्येक ॲप मूळ निर्मात्यानेच ठेवलेलं असतं.
वस्तुस्थिती : बरीच पॅकेजं स्वयंसेवक बांधतात. मूळ निर्मात्याशी नातं तपासलेल्या ॲपवर पडताळणीची खूण असते, ती पाहावी.

गैरसमज : ॲप काढलं की त्याचा डेटाही गेला.
वस्तुस्थिती : सेटिंग आणि डेटा होममधल्या 'व्हार' नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहतो. तो पुसायला वेगळं सांगावं लागतं.

टर्मिनलमधून ॲप बसवताना परवानग्यांची यादी समोर येते. ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका. पुढे 'फ्लॅटसील' या ॲपमधून एकेक परवानगी बंद करता येते. कॅल्क्युलेटरला इंटरनेट कशाला, गाणी वाजवणाऱ्या ॲपला सगळी कागदपत्रं कशाला, हे विचारायलाच हवं. कुंपण फ्लॅटपॅक घालून देतं. त्याचं फाटक किती उघडं ठेवायचं, हा निर्णय आपला आहे.