अर्धवट गेम फुकट द्यावा का?

पालकहो, मुलगा सुट्टीभर कॉम्प्युटरवर भुताचा गेम बनवतो, तो काही पुरा होत नाही, आणि विचारतो, "मित्रांना असाच देऊ का?" आपण पटकन म्हणतो, "आधी पूर्ण कर!" थांबा जरा.

जून २०१२ मध्ये मार्क हॅडली यांनी 'स्लेंडर' हा गेम बीटा, म्हणजे चाचणीच्या अवस्थेतच, फुकट दिला. त्यात आहे काय? रात्रीचं जंगल, हातात टॉर्च, आठ कागद शोधायचे. शस्त्र नाही. मागावर बिनचेहऱ्याचा उंच माणूस. त्याच्याकडे बघत राहिलात की खेळ संपला. एवढ्याशा सामग्रीवर लोक किंचाळले, आणि किंचाळतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर गाजले! पुढच्याच वर्षी त्याची मोठी, विकतची आवृत्ती आली.

भीतीचा गेम बनवणाऱ्याला स्वतःला सहसा भीती वाटत नाही. भूत कुठून येणार हे त्याला ठाऊक असतं ना! गेम घाबरवतो की नाही, हे दुसऱ्याने खेळल्यावरच कळतं. फक्त सोबत चिठ्ठी लिहायला लावा: काय झालंय, काय राहिलंय, आवाज आणि चित्रं कुठून घेतली. (हे शेवटचं मुलं हमखास गाळतात.) आणि धाकट्या भावंडांना मात्र देऊ नका, रात्री झोपायची नाहीत.